कंदिलाखालचा कुत्रा

आमच्या घरात कुत्र्याच्या तयार खाण्याची पोती यायला लागली, त्याला कारण सुकट. हे आधी सांगितलं नाही तर पुढचं सगळं ऐकून लोकांना वाटेल, ही बाई रिकामटेकडी होती.

माझं माहेर ठाण्याच्या कोळीवाड्यातलं. खाडीत आमची होडी होती, अंगणात जाळी पसरलेली असायची, आणि दारातल्या काळ्या कुत्र्याला सुकट, बोंबलाची डोकी, मांदेलीचे काटे, जे उरेल ते मिळायचं. सासर डोंबिवलीचं. तिथे चातुर्मासात कांदा-लसूणसुद्धा बंद, मग मासळीचं नाव कशाला. नवरा आणि मी नौपाड्यात एकाच इमारतीतल्या दोन ऑफिसांत कामाला होतो, मी एका वकिलांकडे टायपिंगला. तिथून जमलं. सासूबाईंनी लग्नाला विरोध केला नाही. "पदरी पडलं, पवित्र झालं," एवढंच म्हणाल्या, पण माझ्यासमोर म्हणाल्या.

मासे मी सोडले. कोणी सांगितलं नव्हतं, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकल्यावर ते सांगावं लागतच नाही. नवरा म्हणाला, "बाहेर खात जा ना, कोण अडवतंय?" बाहेर खायची गोष्ट आहे का ती? तव्यावरून उचलून थेट तोंडात टाकायची गोष्ट आहे. ते त्याला कधीच कळलं नाही, आणि समजावून सांगायला लागलं की माझंच डोकं फिरायचं.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी माझे वडील गेले. आई आधीच गेली होती. भाऊ बोटीवर नोकरीला लागला, होडी विकली, घराला कुलूप लागलं. राहिला कुत्रा. तो कुलपासमोर बसून राहिला. शेजारच्या मावशीने माझ्या ऑफिसात फोन करून सांगितलं, "बाय गो, तो काय खात नाय, काय नाय. येऊन घेऊन जा त्याला." मी शनिवारी अर्धा दिवस रजा टाकली आणि त्याला टेम्पोत घालून डोंबिवलीला आणलं. आमची इमारत जुनी, समोर सगळ्यांची मिळून एक लांब गॅलरी. बिऱ्हाडाबिऱ्हाडातून माणसं बघायला बाहेर आली. सासूबाई दारात उभ्या होत्या.

"माहेरहून मुली लाडू आणतात, लोणचं आणतात," असं म्हणून त्यांनी कुत्र्याकडे पाहिलं आणि आत गेल्या.

त्यांनी हाकलून दिलं नाही, हे मी मान्य करते. पण खायला घालायचं काय, हा प्रश्न उभा राहिला. वरणभात त्याने हुंगून सोडला. दूधपोळीकडे तर बघितलंसुद्धा नाही. सासूबाई म्हणाल्या, "भूक लागली की खाईल." त्याला भूक लागली आणि त्याने खाल्लं नाही. पाठीची हाडं दिसायला लागली. सुकट घरात आणणं शक्य नव्हतं, आणि ती जिन्याखाली नेऊन त्याला चोरून घालायची, हे मला जमणार नव्हतं. मी स्वतः चोरून खाल्ली नव्हती, तर त्याला का घालू?

तेव्हा नवऱ्याच्या साहेबांनी सांगितलं की कुत्र्यांचं तयार खाणं मिळतं, त्यांच्या अल्सेशियनला तेच चालतं. नौपाड्यात पक्ष्यांचे पिंजरे आणि माशांच्या काचेच्या टाक्या विकणारं एक दुकान होतं, तिथे ते मिळायचं. परदेशी कंपनीचं, दगडासारखे तपकिरी गोळे. कोळीवाड्यातली मावशी एकदा घरी आली तेव्हा वाटीत बघून म्हणाली, "काय गो, दगडं खाया घालतंस त्याला?" पण त्या दगडांना मासळीचा वास होता. पुसट, कारखान्यातला, पण होता. कुत्र्याने पहिल्याच दिवशी वाटी चाटून लख्ख केली. सासूबाईंनाही ते चाललं, कारण कारखान्यातून बंद पोत्यात येतं म्हणजे ते औषधासारखंच, असा त्यांचा हिशेब. नवीन पोतं आलं की ते फोडून आधी मी नाक आत घालायची. हसा खुशाल. त्या घरात खाडीची आठवण करून देणारं तेवढंच होतं, आणि तेही कुत्र्याच्या वाटणीचं.

पहिल्या डिसेंबरात पोत्यासोबत दुकानदाराने एक पितळेची चकती दिली. वाटीच्या बुडाएवढी, वर लटकवायला कडी, मागे वर्ष कोरलेलं, आणि पुढे उठावात अल्सेशियन. त्याच्या डोक्यावर नाताळबाबाची लाल टोपी.

"फॉरेनला लोक जमवतात, मॅडम," दुकानदार म्हणाला. "कंपनीची पद्धतच आहे. दर नाताळला नवीन कुत्रा. वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतात आणि झाडाला लावतात."

"आमच्याकडे कुठलं झाड?"

"ते तुम्ही बघा आता."

घरी नवऱ्याला दाखवली. तो म्हणाला, "तुळशीला लाव." आणि स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसला.

खरं तर मी ती फेकून द्यायला हवी होती. पण मला त्या अल्सेशियनचा राग आला. पुढच्या वर्षी पॉमेरियन आला, त्याच्या पुढच्या वर्षी डॉबरमन, मग तो लांबलचक ठेंगणा कुत्रा, सगळे टोपी घालून. आपल्याकडच्या गावठी कुत्र्याचं तोंड त्या कंपनीने कधी बघितलंच नसणार. पैसे आमचे, खाणारा आमचा, आणि चकतीवर मात्र कोण कुठला साहेबाचा कुत्रा. म्हणून पहिल्याच वर्षी मी ऑफिसच्या खाली बसणाऱ्या पेंटरकडून थोडा काळा ऑइलपेंट मागून आणला, छातीवरच्या ठिपक्यासाठी पांढरा घेतला, जिभेला माझं गुलाबी नेलपॉलिश वापरलं आणि रविवारी दुपारी बसून त्या अल्सेशियनचा आमचा कुत्रा करून टाकला. टोपीसुद्धा काळ्या रंगाने बुजवली. खाली बारीक अक्षरात त्याचं नाव लिहिलं. चित्रकला मला येत नाही, पण तो तोच दिसत होता. नवऱ्याने बघितल्याबरोबर ओळखला.

मग दरवर्षी हेच सुरू झालं. डिसेंबरात चकती यायची, आणि मी तिच्यावर त्या वर्षीचा आमचा कुत्रा काढायची. त्या वर्षीचा म्हणजे खरंच त्या वर्षीचा. जाड झाला तर जाड. तोंडावर पांढरे केस यायला लागले, तेव्हा मी आगकाडीच्या टोकाने पांढरे ठिपके दिले. फोटो काढायचा खूप प्रयत्न केला होता. भावाने बोटीवरून कॅमेरा आणला होता, त्यात एक अख्खा रोल मी कुत्र्यावर घालवला. काळा कुत्रा, अंधारं घर, सगळ्या फोटोंत नुसता काळा डाग आणि दोन हिरवे दिवे. त्यामुळे त्याचा चेहरा कुठे राहिला असेल तर तो माझ्या या चकत्यांवर.

पण चकत्या लावायच्या कुठे? नाताळ आमच्याकडे नव्हता. मी दिवाळी धरून बसले. आकाशकंदील पुढच्या दारावर लागायचा, त्याखाली माळ सोडून चकत्या बांधायच्या, असं ठरवलं. पहिल्याच दिवाळीत बांधली. अंघोळ करून बाहेर येते तो चकती गायब. ती मागच्या बाल्कनीत, कपडे वाळत घालायच्या दोरीच्या खिळ्याला लटकत होती.

"लक्ष्मी यायच्या वाटेवर कुत्रं नको," सासूबाई म्हणाल्या.

मी काही गप्प बसणारी नव्हे. म्हटलं, "देवघरात दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. तुम्ही रोज फूल वाहता."

"ती दत्ताची."

"खंडोबाबरोबरही कुत्रा असतो."

"तो खंडोबाचा. हा तुझा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो उटणं लावलेल्या अंगाने वर्तमानपत्र वाचत होता. "चकती आहे गं एक," तो म्हणाला. "इथे लावली काय, तिथे लावली काय."

"मग इथे लावू दे ना."

"तुम्ही दोघी बघा काय ते." आयुष्यभर या माणसाचं तळ्यात-मळ्यात चाललं आणि वर लोक मला सांगायचे, किती शांत स्वभाव आहे.

पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. मी पुढे लावायची, त्या मागे न्यायच्या. भांडण असं नाही. एकमेकींशी बोलत, करंज्या भरत, एकीकडे हे चालायचं. एका वर्षी मी स्टुलावर चढून खूप वर बांधली, तर त्यांनी शेजारच्या बिऱ्हाडातून उंच स्टूल मागून आणलं. तेव्हा त्यांचे गुडघे दुखायचे, जिना चढताना दोनदा थांबायच्या. पण त्या स्टुलावर चढल्या. मला म्हणाल्या, "कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच," आणि हे त्या शेपटाबद्दल बोलत नव्हत्या.

कोणी म्हणेल, एवढं काय त्यात. एवढंच होतं त्यात. त्या दारावर पाटी सासऱ्यांच्या नावाची होती. तोरण नणंदेने मोत्यांचं केलेलं. उंबरठ्यावरची पितळी पट्टी त्यांच्या गावच्या घरातून आलेली. कंदीलसुद्धा नवरा लहानपणी करायचा तसाच, त्याच्याच मापाचा. मी त्या दारातून रोज आत-बाहेर करत होते आणि त्या दारावर माझं काहीही नव्हतं. माझ्या घराचं दार कुलूप लावून बंद झालं होतं. तिथून माझ्याकडे आलं ते फक्त हे जनावर, आणि ते या घरातलं आहे की पाहुणं, हे मला सासूबाईंच्या तोंडून ऐकायचं होतं. कुत्रा घरचा ठरला असता तर मीही ठरले असते, असं मला वाटायचं. पोळ्या लाटून, त्यांचे पाय चेपून, व्रतं करून मी जे ठरत नव्हते ते चकतीने ठरणार होतं, हा माझा वेडेपणा म्हणा हवं तर.

आणि या सगळ्यात तो कुत्रा कसा वागायचा? सासूबाईंच्या मागे-मागे. मी ऑफिसला जायची, घरी असायच्या त्या. त्या देवपूजेला बसल्या की हा देवघराच्या खोलीबाहेर. त्या निवडायला बसल्या की हा पायाशी. सकाळी दारासमोर पाणी शिंपडताना त्या "हट, हट" करत त्याला सरकवायच्या, आणि रांगोळी पुरी झाली की हा रांगोळीला वळसा घालून पुन्हा त्याच जागी बसायचा. मी संध्याकाळी दमून आले की शेपूट हलवायचा, नाही असं नाही, पण उठायचा नाही. मी याच्यासाठी लढते आहे आणि हा शत्रूच्या पायाशी झोपला आहे. फार चीड यायची.

शेवटच्या वर्षी तो म्हातारा झाला. मागचे पाय धरेनात. ते दगडासारखे गोळे त्याला चाववत नव्हते, म्हणून मी कोमट पाण्यात भिजवून द्यायची. एकदा घरी आले तर त्याच्याखाली सासूबाईंच्या जुन्या नऊवारीची चौपदरी घडी होती. मी काही म्हणायच्या आधीच त्या म्हणाल्या, "फरशी गार पडते." आणि लगेच डाळ टाकायला आत गेल्या. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. नाही बोलल्या.

तो गेला श्रावणाच्या शेवटी. नवऱ्याने आणि त्याच्या मित्राने ठाकुर्लीच्या बाजूला मोकळ्या जागेत नेऊन पुरलं. सासूबाईंनी दारासमोरची जागा पाण्याने धुतली, नेहमीसारखी. मी त्या रात्री जेवले नाही, त्यांनी आग्रह केला नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून घरात त्याचं नाव कोणी काढलं नाही. उरलेलं अर्धं पोतं मी दुकानदाराला परत दिलं. तो म्हणाला, "ह्या वेळची चकती आली की ठेवून देऊ का?" मी नको म्हटलं.

दिवाळी आली. मला कशाचाच उत्साह नव्हता. चकत्या चपलांच्या खोक्यात घालून कपाटावर टाकल्या होत्या, त्या काढायचा विचारसुद्धा मनात नव्हता. कुणाशी भांडू आणि कुणासाठी?

वसुबारसेच्या आदल्या दिवशी ऑफिसातून आले. नवरा यायचा होता. मागच्या बाल्कनीत सासूबाई पाटावर बसल्या होत्या, समोर देवाची भांडी. ताम्हण, समई, निरांजनं, घंटा, तांब्या. दिवाळीच्या आधी त्या हे काम दुसऱ्या कोणालाही करू द्यायच्या नाहीत, मला तर नाहीच. माझा हात लागून देवाच्या भांड्याचं काही बिघडेल असं त्या बोलल्या नव्हत्या, पण लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी हात पुढे केला तेव्हा "राहू दे, सवय नाही तुला" म्हणाल्या होत्या, आणि ते राहिलं ते राहिलंच. शेजारी चिंचेचा कोळ, राख, नारळाची शेंडी. धुतलेली भांडी एका स्वच्छ पंच्यावर उपडी घातलेली. आणि त्या पंच्यावर, ताम्हण आणि समईच्या मध्ये, ओळीने माझ्या चकत्या.

त्या सोन्यासारख्या चमकत होत्या.

मी उंबऱ्यातच थांबले.

"सगळं एकदमच काढलं घासायला," त्या मान वर न करता म्हणाल्या. "अगदी काळवंडल्या होत्या गं. खोक्यात कशाला टाकायच्या? उद्या कंदील लागला की पुढच्या दाराला बांधू."

मला आधी नीट कळलंच नाही. मग मी खाली बसून एक चकती उचलली. अल्सेशियन. दुसरी उचलली, पॉमेरियन, केसन् केस उठून दिसणारा. डॉबरमन. लांबलचक ठेंगणा. काळ्याखालचा टोप्यांचा लाल रंगसुद्धा गेला होता, नुसती पितळेची टोकदार डोकी. काळा रंग कुठेही नव्हता. छातीवरचा ठिपका नव्हता. नाव नव्हतं. आगकाडीने दिलेले पांढरे केस नव्हते.

"रंग कसला लागला होता त्यांना, काय माहीत," सासूबाई म्हणाल्या. "सोड्याच्या गरम पाण्यात घातल्या तरी निघेना. मग शेंडीने घासलं, आणि कोपऱ्यातलं नखाने खरवडून काढलं. दुपार गेली माझी." त्यांनी मला बोटं दाखवली. नखांत काळं भरलं होतं.

त्यांना दिसत नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मोतिबिंदू होता, ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं. इतकी वर्षं त्यांनी त्या चकत्या फक्त जागच्या हलवल्या होत्या, कधी बघितल्या नव्हत्या. बघाव्यात असं त्यांना वाटलं तेव्हा डोळे राहिले नव्हते. त्यांना वाटलं, पितळ आहे, कुत्र्याचं आहे, डाग पडलेत. आणि जो मान देवाच्या तांब्याला, तोच त्यांनी त्याला दिला.

मी ओरडणार होते. शब्द अगदी जिभेवर आले होते. काय केलंत तुम्ही हे, विचारायचं तरी होतं. मग ते ताम्हण दिसलं, ज्याला मला कधी हात लावू दिला नव्हता, त्याला टेकून ठेवलेली चकती दिसली, आणि मी हातातली चकती परत पंच्यावर ठेवली. खरं सांगते, मला तेव्हा प्रेमबिम काही वाटलं नाही. संताप वाटला. इतका संताप त्यांनी चकती मागे नेऊन टांगल्यावरही आला नव्हता. तेव्हा निदान भांडता येत होतं.

"चांगल्या झाल्यात ना?" त्यांनी विचारलं.

"झाल्यात," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नवऱ्याने कंदील लावला. त्याने चकत्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं, आणि काहीतरी आणायचं राहिलं असं म्हणून खाली बाजारात निघून गेला. माळ मी बांधते म्हटलं, तर सासूबाई ऐकेनात. गुडघे दुखत असताना स्टुलावर चढल्या. मी खालून एकेक चकती हातात देत होते, त्या चाचपून कडीत दोरा ओवत होत्या. गॅलरीतून पलीकडच्या बिऱ्हाडातल्या बाई फराळाचं ताट झाकून घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"काय हो हे, नवीनच? कसली कुत्री?"

"कसली काय," सासूबाई वरून म्हणाल्या. "आमचाच कुत्रा तो. श्रावणात गेला ना. हिच्या माहेरचा."

बाईंनी मान वर करून पॉमेरियनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आमच्या काळ्या कुत्र्याला ओलांडून त्या रोज जिना उतरायच्या. मला तिथून निघून जायचं होतं, आत जाऊन मोरीत पाणी सोडून रडायचं होतं. पण सासूबाई स्टुलावर होत्या आणि स्टूल डुगडुगत होतं, म्हणून मी ते दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.